मेडिकल कॉलेजातलं पहिलं वर्ष: आत्याचे कानमंत्र

बाई गं, जॉइनिंग रिपोर्ट दिलास, गळ्यात ओळखपत्र आलं, आता तू मेडिसिन विभागातली सहायक प्राध्यापक. आणि लगेच फोनवर सुरू: "आत्या, ओपीडी आहे, इमर्जन्सी आहे, क्लिनिक्स घ्यायची आहेत, थिसिसची पोरं आहेत, वर पेपर लिहायचेत. यातलं आधी काय?" उत्तर फार मोठं नाही. आधी पेशंट, मग विद्यार्थी, मग पेपर. या क्रमानं गेलीस तर वर्षाअखेरी तिन्ही पदरात पडतात. पेपर पुढे काढलास तर पेशंट दुरावतो, त्याच्यामागोमाग विद्यार्थी जातो आणि पेपरही कच्चाच राहतो. सरकारी कॉलेजात उभी नोकरी केलेल्या बाईचं हे गणित आहे, तूही ताडून बघ. खालचं सगळं एका बैठकीत वाचू नकोस. ड्युटी-रूममध्ये चहा गार होत असेल तेव्हा दोन-दोन वाच.

पहिले पंधरा दिवस कागदांचे. कंटाळवाणं काम, म्हणून आधी उरकून टाकते.

१. ऑर्डर, जॉइनिंग रिपोर्ट, डिग्र्या, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळ्याच्या झेरॉक्स एका फायलीत घालून ती फाइल घरी ठेव — ऑफिसातली फाइल अगदी सुरक्षित असते, फक्त हवी त्या दिवशी सापडत नाही.

२. कुठलाही अर्ज दिलास की आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मागून घे, रजेचा असला तरी — शिक्का तोच पक्का, बाकी सगळं 'मॅडम, आमच्याकडे आलंच नाही'.

३. चेहरा दाखवून हजेरी लावलीस की ती लागल्याचं स्क्रीनवर बघूनच पाय उचल — सकाळपासून राउंड घेऊन कागदावर गैरहजर राहण्यात काही पुण्य नाही.

४. पहिल्या आठवड्यात इनचार्ज सिस्टर, वॉर्डातले मामा आणि मावशी, ब्लड बँकेतले टेक्निशियन, रेकॉर्ड रूममधले बाबू आणि समाजसेवा अधीक्षक यांची नावं पाठ कर आणि नावानं हाक मार — प्राध्यापक बदलीनं येतात नि जातात, व्हीलचेअर कुठे दडवलेली असते ते मामांनाच ठाऊक असतं. सिस्टर रुसली, ड्युटी फसली.

५. 'आमच्या कॉलेजात असं नव्हतं' हे वाक्य निदान दिवाळीपर्यंत गिळ — खरं असलं तरी ते ऐकून आजवर कुणी सुधारलेलं नाही.

६. पुढे केलेल्या कागदावर उभ्या-उभ्या सही करू नकोस, मग तो शिपाई कितीही घाईत असो — सही आधी वाच, नाहीतर नंतर जाच. का ते विचारू नकोस.

झालं कागदांचं. आता वॉर्ड.

७. राउंडच्या अर्धा तास आधी एकटी एक फेरी मारून ये — प्रोफेसर, रेसिडेंट आणि इंटर्न मिळून दहा-बारा जण खाटेभोवती उभे राहिले की पेशंट 'बरं आहे' म्हणून मोकळा होतो. रात्री नेमकं काय झालं ते तो एकट्या माणसालाच सांगतो.

८. इंडोर पेपरवरच्या प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ आणि वाचता येईल अशी सही हवी, आणि चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारून बाजूला सही — व्हाइटनर दिसला की कोर्टात आधी तोच वाचतात. त्या दिवशी लिहिलं तो पुरावा, दुसऱ्या दिवशी लिहिली ती कहाणी.

९. भरतीच्या दिवशीच रेशनकार्ड आणि आधार विचारून महात्मा फुले योजनेचे कागद सुरू करून दे — डिस्चार्जच्या दिवशी कागद शोधायला बाप गावी जातो नि पोरगं खाटेवर अडकून पडतं.

१०. नातेवाइकांशी रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, बसून बोल. त्यांच्यातल्या एकालाच 'तुम्ही सगळ्यांना सांगा' म्हणून नेम, आणि काय सांगितलं ते पेपरवर दोन ओळींत लिहून त्यांची सही घे. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तो असावाच — पण रात्री दोनला कॅज्युअल्टीत वीस माणसं जमली की कायद्याआधी दुपारी शांतपणे सांगितलेलं कामाला येतं. पेशंट गंभीर आहे हे पहिल्यांदा मृत्यूच्या वेळी कळलं तर माणूस चिडणारच, त्याच्या जागी तूही चिडशील.

११. सुई टोचली तर लाजून लपवू नकोस, आणि तुझ्या पोरांनाही लपवू देऊ नकोस. साबण-पाण्यानं धुवून ताबडतोब कळवायचं — एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी दोन तासांच्या आत सुरू झालेली बरी, ७२ तासांनंतर तिचा उपयोग उरत नाही, आणि घ्यायची ती पूर्ण २८ दिवस.

१२. सुई पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत. तू स्वतः टाकताना दिसलीस की इंटर्न टाकतात — आणि चुकीच्या पिशवीतल्या सुईचा घाव शेवटी सफाईच्या मावशींच्या हाताला बसतो.

आता शिकवणं. यात मी जरा रेंगाळणार आहे, आत्याला तेवढी मुभा दे.

१३. लेक्चरला पन्नास स्लाइडी नेऊ नकोस. तीन गोष्टी ठरव आणि त्या तीनच नीट शिकव — दुपारी मेसचं जेवण जेवून आलेल्या पोराला तीनच आठवतात, चौथ्या गोष्टीला त्याचे डोळे मिटलेले असतात.

१४. टाइमटेबलात काहीही लिहिलेलं असो, क्लिनिकला ऋतू शिकव. पावसाळ्यात सर्पदंश, मलेरिया, डेंग्यू. कोकणात असशील तर लेप्टो, विदर्भात असशील तर स्क्रब टायफस. थंडीत दम्याचे आणि सीओपीडीचे म्हातारे. एप्रिल-मेमध्ये नागपूर-चंद्रपूरकडे उष्माघात — पुस्तकातलं पान वर्षभर मिळतं, मण्यार चावलेला पेशंट जुलैतच मिळतो. आणि तो मिळाला की मुलांना नीट दाखव. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, अंगावर चाव्याची खूण नाही, पहाटे पोट दुखतं म्हणून आला, आणि पापण्या मिटत चालल्यात. ही गोष्ट खाटेशेजारी ऐकलेला विद्यार्थी पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात बसला की 'पोटदुखी' म्हणून गोळी देऊन कुणाला घरी पाठवणार नाही.

१५. त्याच पोरांकडून एकदा रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी करून घे. कोरडी, स्वच्छ काचेची नळी, त्यात दोन मिली रक्त, आणि वीस मिनिटं नळीला कुणी हात लावायचा नाही — प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणानं धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही, नि मग गरज नसलेल्याला प्रतिविष चढतं. घोणस की फुरसं हा वाद नातेवाईक घालत बसतील, नळी वाद घालत नाही.

१६. पेशंटला हात लावण्याआधी 'ही मुलं शिकतायत, तपासू देता का?' असं तू स्वतः, मुलांच्या देखत विचार, आणि 'नको' म्हणाला तर हसून पुढच्या खाटेकडे जा — मुलं तुझं लेक्चर विसरतील, पण तू परवानगी कशी मागतेस ते उचलतील. तो सरकारी दवाखान्यात फुकट उपचार घेतो म्हणून त्याचं अंग फुकट नाही.

१७. दुखऱ्या पोटावर दोघांच्या वर हात पडू देऊ नकोस, पडदा ओढून घे, आणि थंडीत हात चोळून मगच लाव — बाकीच्यांनी बघून शिकावं, यकृत काही पळून जात नाही.

१८. खाटेशेजारी इंग्रजीत अशुभ बोलू नकोस — 'कॅन्सर', 'सिरीयस', 'पूअर' हे शब्द आता खेड्यातल्या आजीलाही कळतात, आणि न कळलेल्या वाक्याचा ती आणखी वाईट अर्थ लावते. चर्चा व्हरांड्यात.

१९. 'मुख्य तक्रार' या रकान्यात पेशंट बोलला तेच लिहायला लाव: धाप लागते, घेरी येते, पोटात गोळा उठतो, हातपाय गळून जातात, अंगावरून जातं. तुझ्या वर्गात देशभराच्या १५ टक्के कोट्यातून आलेली परप्रांतातली मुलं असतील, मुंबई-पुण्यातली इंग्रजी माध्यमातलीही असतील. त्यांची जोडी गावाकडच्या, वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाशी लाव — हिस्ट्री घेताना तोच पुढे जातो, आणि ज्याला इंग्रजी व्हायवात घाम फुटतो त्याला पहिल्यांदा कळतं की आपल्यालाही काही येतं. या एका युक्तीनं मी किती मुकी पोरं बोलती झालेली पाहिली म्हणून सांगू!

२०. उत्तर येत नसेल तर 'उद्या वाचून सांगते' म्हण, आणि उद्या विसरू नकोस — विद्यार्थी न आलेलं उत्तर माफ करतात, ठोकून दिलेलं करत नाहीत, आणि हल्ली ते तिथल्या तिथे मोबाइलवर पडताळतात.

२१. हजेरी त्याच तासाला घे आणि त्याच संध्याकाळी चढव. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हा नियम फॉर्म भरताना सगळ्यांना एकदम आठवतो — तू ऑक्टोबरातच '६० वर आहेस बरं का' असं सांगितलंस, तर मार्चमध्ये तुझ्या दाराशी रडणारा बाप उभा राहणार नाही.

२२. लॉगबुकवर वर्षाअखेरी शंभर सह्या ठोकू नकोस, महिन्याच्या महिन्याला कर — विद्यार्थ्यानं खरंच काय केलं ते तुला तेव्हाच आठवतं, नंतर दोघांनाही आठवत नाही.

२३. जो अचानक मागच्या बाकावर गेला, दाढी वाढली, क्लिनिकला उशिरा येतोय, त्याला टोकू नकोस, बाजूला घेऊन चहा पाज — आळशी मुलगा आणि आतून खचलेला मुलगा लांबून अगदी एक दिसतात. रॅगिंगची कुजबुज कानावर आली तर मात्र चहा नाही, त्याच दिवशी लेखी कळवायचं. १९९९ पासून महाराष्ट्रात तो गुन्हा आहे, आणि 'आमच्या वेळी सगळ्यांनी सोसलं' म्हणणाऱ्या वरिष्ठांना माझ्याकडे पाठव.

२४. जेआर-वनला राउंडवर झापण्याआधी 'काल झोपलीस का, जेवलीस का' एवढं विचार — ३० तास जागलेल्या पोरीला पोटॅशियम किती ते आठवत नसेल तर दोष तिच्या अभ्यासाचा नसतो. जेवला जेआर तर चालला वॉर्ड.

संशोधनाकडे वळते. तुझी तक्रार मला माहीत आहे: 'इथे सोयी नाहीत, वेळ नाही, मशीन बंद.' १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत हाफकिन मुंबईत आले तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली ती एक खोली आणि एक व्हरांडा. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी तिथे बनवलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. तू स्वतःला काही टोचून घेऊ नकोस, एथिक्स कमिटी मला फोन करेल. पण व्हरांड्यावरून रडू नकोस एवढंच.

२५. विषय आपल्या वॉर्डातून शोध, परदेशी जर्नलातून नको — जे तुझ्या खाटांवर रोज येतं त्यात तुला तोटा नाही नि स्पर्धाही कमी. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड भागात विंचूदंशाचे पेशंट उशाशी बसून पाहिले: घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी. ते टिपण १९८२ मध्ये लान्सेटनं छापलं. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर वापरली आणि मरणारी माणसं वाचू लागली. २०११ मध्ये नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष यांची तुलना त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडली. कुठलं मशीन होतं यात? घड्याळ, स्टेथोस्कोप, बीपीचं यंत्र आणि न चुकता लिहिणारा हात.

२६. न जुळणारा रिपोर्ट 'लॅबची चूक' म्हणून फेकण्याआधी एकदा पुन्हा बघ. काहींचं रक्त तपासणीत ओ गटाचं दिसे, पण ओ गटाचं रक्तही त्यांना जुळेना. तेव्हा सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी त्या नमुन्यांच्या मागे लागले, आणि १९५२ मध्ये 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जगापुढे आला — चूक म्हणून बाटली बाजूला ठेवली असती तर अशा माणसांना चुकीचं रक्त चढतच राहिलं असतं.

२७. एक साधी वही कर, त्यात रोज रात्री एक ओळ: आज वॉर्डात काय वेगळं दिसलं. बस्स — थिसिसला विषय सुचत नाही म्हणून रेसिडेंट दाराशी आले की ती वही उघडायची.

२८. संशोधनाचा बेसिक कोर्स, तो चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा ऑनलाइन असतो ना, तो पहिल्याच वर्षी उरकून टाक. वैद्यकीय शिक्षणाचा बेसिक कोर्सही — बढतीच्या वेळी सगळ्यांना तो एकदम हवा असतो. शिवाय, खरं सांगू, त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

२९. पहिला पेशंट घेण्याआधी पीएसएम विभागातल्या स्टॅटिस्टिशियनकडे जा, सगळा डेटा गोळा झाल्यावर नको — नमुना किती हवा हे शेवटी विचारणं म्हणजे पंगत उठल्यावर तांदूळ मोजणं. आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस, तुझा प्रश्न एका वाक्यात लिहून ने; तेवढं जमलं नाही तर अजून अभ्यासच सुरू करू नकोस.

३०. एथिक्स कमिटीला अडथळा समजू नकोस. अध्यक्ष बाहेरचे, त्यात एक वकील, एक सामान्य माणूस, त्यांनी 'हे जादाचं रक्त कशासाठी?' असं विचारलं तर रागावू नकोस — तोच प्रश्न पेशंटच्या मनात असतो, तो विचारायला घाबरतो एवढंच. मंजुरीआधी एकाचीही नोंद नाही. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआयवर नोंदणीही पहिल्या पेशंटच्या आधी; १ एप्रिल २०१८ पासून ती मागाहून होत नाही.

३१. संमतीपत्राची मराठी प्रत तू लिही, मग ती वॉर्डातल्या मावशींना मोठ्यानं वाचायला दे. त्या जिथे अडखळतील ते वाक्य बदल — 'यादृच्छिक पद्धतीने विभाजन' मावशींना कळलं नाही तर पेशंटला कळणार नाही, आणि न कळता घेतलेला अंगठा ही संमती नव्हे. अंगठा असेल तिथे अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, तुझाच जेआर चालत नाही.

३२. 'नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही' हे पेशंटला तोंडी सांग, आणि मग खरंच फरक पडू देऊ नकोस — नकार देणाऱ्याचा बेड दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात गेला तर अख्खा वॉर्ड त्यातून काय ते समजतो.

३३. मास्टर चार्ट तीन ठिकाणी ठेव, त्यात नाव-पत्ता नको, नुसता क्रमांक. पेशंटचा चेहरा दिसणारा फोटो तर व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच नको — 'फक्त आपल्या युनिटचा ग्रुप' असं काही नसतं.

३४. लेखकांची नावं आणि क्रम पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घे. थिसिसमधून निघालेल्या पेपरवर रेसिडेंटचं नाव पहिलं — ज्याची रात्र, त्याचं नाव. वरचे कुणी 'माझंही घाल' म्हणाले तर हसून हस्तलिखित वाचायला आणि सुधारायला दे. निम्मे तिथेच गळतात, उरलेले खरोखर मदत करतात.

३५. 'अभिनंदन, आपला पेपर दोन दिवसांत स्वीकारला जाईल' असा ईमेल आला की पैसे पाठवण्याआधी लायब्ररियनना विचार, जर्नल कुठल्या सूचीत आहे ते बघ — बढतीच्या हिशेबात सूचीबाहेरचा पेपर धरत नाहीत, एकट्यादुकट्या केसचा रिपोर्टही धरत नाहीत. केस रिपोर्ट लिही जरूर, पण लिहायला हात बसावा म्हणून.

३६. हल्ली पोरं थिसिसचं 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' यंत्राकडून लिहून घेतात. रागावू नकोस, फक्त कुठलेही पाच संदर्भ निवड आणि 'हे पेपर उघडून दाखव' म्हण — त्यातला एखादा जगात नसतोच, आणि तो शोधताना जे शिकायला मिळतं ते माझ्या सगळ्या भाषणांहून जास्त.

३७. एमबीबीएसच्या एखाद्या चुणचुणीत मुलीला आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपसाठी अर्ज करायला लाव. १९७९ पासून चालू आहे, दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प — तिला प्रश्न विचारायची सवय लागते, आणि तुला तिच्या भाबड्या शंकांतून तुझ्या अभ्यासातली भोकं दिसतात.

परीक्षेबद्दल दोन शब्द जास्त, कारण तिथे माणसं विसरली जातात.

३८. एक्झाम केस म्हणून बोलावलेल्या पेशंटला सकाळचा नाश्ता, बसायला जागा, औषधांची वेळ आणि परतीचं भाडं मिळतंय ना, हे तू स्वतः बघ. झडपेचा आजार, वाढलेली प्लीहा, अर्धांगवायू असे लोक एकेका दिवशी किती मुलांपुढे श्वास रोखून धरतात — आणि डायबेटिसवाला उपाशी बसला तर परीक्षेतच खरी इमर्जन्सी होते. काही जण तर वर्षानुवर्षं येणारे असतात, त्यांना आपली सगळी लक्षणं पाठ. घाबरलेल्या पोराला 'बाळा, अजून खाली दाब, प्लीहा तिथं नाय' असं हळूच सांगणारे आजोबा तुला भेटतील. तू ऐकलं नाहीस असं कर.

३९. बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे स्वतःच्या विद्यार्थ्याची शिफारस करू नकोस, आणि दुसऱ्याच्या कॉलेजात परीक्षक म्हणून गेलीस तर पहिला प्रश्न सोपा विचार — जीभ सुटली की त्याला काय येतं ते कळतं. पहिल्याच प्रश्नाला घाबरवून काढलेले मार्क भीतीचे असतात.

४०. व्हायवाला नापास केलंस तर का केलं ते त्याच वेळी टिपून ठेव — सहा महिन्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज येतो तेव्हा 'आठवत नाही' हे उत्तर शोभत नाही.

परीक्षेचं झालं. आता उरलंसुरलं.

४१. खरेदीचा प्रस्ताव दिवाळीआधी दे, वापराचा दाखला काम झाल्या-झाल्या लिही — मार्चात पळ, एप्रिलात कळ. अनुदान परत गेलं की पुढच्या वर्षी मागताना तोंड उघडवत नाही.

४२. डेडस्टॉक रजिस्टर तुझ्या ताब्यात दिलं तर सही करण्याआधी वस्तू मोजून घे, मोडका टॉर्चसुद्धा — तुझी बदली झाली की तोच टॉर्च सापडेपर्यंत ना-देय प्रमाणपत्र अडतं.

४३. रेसिडेंट संपावर गेले तर त्यांच्या मागण्यांबद्दल काय वाटायचं ते वाटो, कॅज्युअल्टीत सगळ्यात आधी तू उभी राहा — संप मिटतो, त्या दोन-चार दिवसांत पेशंट कुणी पाहिले ते पोरांच्याही लक्षात राहतं. आणि हो, त्या दिवसांत रक्त काढायला लागलं की कळेल हात किती गंजलाय ते.

४४. आठवड्यातून एक संध्याकाळ घरी वेळेवर ये आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव — जावईबापूंची तक्रार थेट माझ्याकडे येते, आणि मी नेहमी त्यांचीच बाजू घेते हे लक्षात ठेव.

४५. उन्हाळी सुट्टीच्या दोन तुकड्या पडतात. अर्ज फेब्रुवारीतच देऊन पहिली तुकडी माग, आवक क्रमांकासकट — दुसरीपर्यंत कुणाची तरी बदली होते, कुणी तरी आजारी पडतं, तुझी सुट्टी रद्द होते, आणि इकडे देवगडच्या पेट्या संपलेल्या असतात.